वृषणाचा कर्करोग : बरे झाल्यानंतरची चाळीस वर्षे



या व्याख्यानमालेत आपण आजवर संतवाङ्मय ऐकले, नाट्यसंगीत ऐकले, गायकवाडी राज्यातील शिक्षणाचा इतिहास ऐकला. आजच्या विषयाची निमंत्रणपत्रिका छापायला जाताना कार्यवाहांनी मला दोनदा फोन केला. ‘पुरुषांचे काही आजार’ असे शीर्षक ठेवले तर चालेल का, असे त्यांनी फार सौजन्याने विचारले. मी नको म्हणालो. हा आजार ज्या घरांत उशिरा कळतो, त्या बहुतेक घरांत तो उशिरा कळण्याचे कारण वैद्यकात नसते, भाषेत असते. म्हणून या विषयाला साहित्यसंस्थेचे व्यासपीठ मला योग्यच वाटते.

मराठीत या अवयवाला नाव काय? ‘वृषण’ हा शब्द पाठ्यपुस्तकात आहे, पण घरात तो कुणी उच्चारीत नाही. ‘अंडकोष’ वर्तमानपत्रातला. बाकीचे शब्द शिव्यांत गेले. वीस वर्षांच्या मुलाला आईपाशी किंवा वडिलांपाशी सांगायचे झाले, तर त्याच्याकडे शब्दच नसतो. मग तो ‘जांघेत दुखते’ म्हणतो, ‘पोटात ओढ बसते’ म्हणतो, किंवा काहीच म्हणत नाही. आपले पूर्वज असे नव्हते. सुश्रुताने निदानस्थानात वृद्धीचे सात प्रकार सांगितले आहेत. पाणी साठून होणारी मूत्रवृद्धी आणि आतडे उतरून होणारी अंत्रवृद्धी त्याने वेगळी काढली आहे. सर्जनच्या दृष्टीने हा भेद आजही पहिला आहे. आपल्या आजोबांच्या पिढीकडे ‘अंतर्गळ’ हा शब्द होता, तो ते चारचौघांत वापरीत. आणि ज्या बडोद्यात महाराजांनी १९३१ साली ‘सयाजीशासनकल्पतरु’ काढून कारभारातल्या शब्दांना देशी भाषांतले पर्याय दिले, त्या बडोद्याच्या मराठी घरांत शरीराच्या एका साध्या अवयवाला शब्द नसावा, हे मला खटकते. मी आज ‘वृषण’ म्हणणार आहे. तुम्हीही घरी तोच शब्द वापरावा.

आता आजाराकडे. हा पंधरा ते चाळीस या वयातल्या पुरुषांचा कर्करोग आहे. कर्करोग म्हातारपणी होतो, ही आपली समजूत इथे घात करते. भारतात तो विरळा आहे. वर्षाला लाखात एकापेक्षा कमी पुरुषांना होतो. डेन्मार्क-नॉर्वेकडे तो याच्या कितीतरी पट आढळतो, आणि आपल्या घरांतली मुले आता तिकडेही राहतात, हे लक्षात असू द्या. सुरुवात बहुधा न दुखणाऱ्या गाठीने होते. वृषण कडक लागते, एका बाजूला जडपणा वाटतो. दुखत नाही, म्हणूनच मुलगा थांबतो.

कारणांपैकी एकच गोष्ट ठामपणे सांगण्यासारखी आहे. जन्मतः वृषण खाली उतरलेले नसेल, तर पुढे धोका वाढतो. आणि ही गोष्ट आपल्याकडे डॉक्टरच्या आधी बाळाला न्हाऊमाखू घालणाऱ्या आजीच्या हाताला कळते. एकच गोळी हाताला लागली तर आजीने ‘येईल खाली’ म्हणून गप्प बसू नये. पहिल्या सहा महिन्यांत कित्येकदा ते आपोआप उतरते. नाही उतरले तर वर्ष-दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रियेने खाली आणून बसवावे. याने धोका पूर्ण जात नाही, पण कमी होतो, आणि पुढे गाठ आलीच तर ती हाताला लागण्याच्या जागी असते. क्रिकेटचा चेंडू लागल्याने हा कर्करोग होत नाही. चेंडू लागल्यामुळे हात तिकडे जातो आणि आधीच असलेली गाठ सापडते, इतकेच. तारुण्यातल्या सवयींशीही त्याचा काही संबंध नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण अपराधी वाटून लपवणारी मुले मी पाहिली आहेत.

तपास सोपा आहे. सोनोग्राफी, आणि रक्तातल्या तीन खुणा : अल्फा फीटोप्रोटीन, बीटा एचसीजी आणि एलडीएच. यातले एचसीजी म्हणजे गरोदरपणाच्या चाचणीत जे शोधतात तेच. त्यामुळे या आजारात पुरुषाची गरोदरपणाची चाचणीही होकारार्थी येऊ शकते. ऐकून हसू येते, पण डॉक्टरला या रसायनांचा मोठा आधार असतो. गाठ काढल्यावर त्यांची पातळी ठरावीक वेगाने उतरली पाहिजे. उतरली नाही, तर आजार कुठेतरी शिल्लक आहे.

पहिला उपचार शस्त्रक्रियेचा. इथे एक गोष्ट तुम्ही समजून घ्यावी. शस्त्रक्रिया जांघेतून करतात, पिशवीवर चीर देऊन करीत नाहीत, आणि तपासणीसाठी पिशवीतून सुईही घालत नाहीत. याचे कारण गर्भातल्या प्रवासात आहे. वृषण तयार होते ते पोटात, मूत्रपिंडाजवळ. तिथून ते खाली उतरते आणि आपल्या रक्तवाहिन्या, नसा, लसवाहिन्या सगळे बिऱ्हाड बरोबर घेऊन येते. म्हणून त्याची लस जांघेत जात नाही, थेट पोटाच्या मागच्या भागात महारोहिणीच्या कडेने असलेल्या गाठींत जाते. पिशवीच्या कातडीची लस मात्र जांघेत जाते. पिशवीतून सुई घातली की कर्करोगाच्या पेशींना ही दुसरी वाट उघडून देण्याचा धोका असतो. माझ्याकडे एक तरुण आला होता. त्याच्या गावी ‘पाणी झाले आहे’ म्हणून दोन वेळा सुईने पाणी काढले होते, सोनोग्राफी एकदाही केली नव्हती. तुमच्या घरात कुणाला ‘पाणी झाले’ असे सांगितले, तर आधी सोनोग्राफी मागा. ती मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

याच प्रवासामुळे दुसरीही एक फसगत होते. आजार पोटाच्या मागच्या गाठींत पोचला की पाठ दुखते. चोवीस वर्षांचा, वसतिगृहात राहून इंजिनियरिंग शिकणारा एक मुलगा पाच महिने पाठदुखीचे मलम चोळीत होता. गाठ त्याला पहिल्या महिन्यातच लागली होती. ती तो कुणाला सांगू शकला नाही, पाठ मात्र सगळ्यांना सांगत होता. माझ्यापर्यंत आला तेव्हा पोटातली गाठ मुठीएवढी होती आणि फुप्फुसांत ठिपके होते. या मुलाकडे मी पुन्हा वळेन.

अशा मुलाचे पन्नास-साठ वर्षांपूर्वी काय झाले असते? दहांतला जेमतेम एक वाचला असता. आज अशा पसरलेल्या आजारातही बहुसंख्य मुले पूर्ण बरी होतात, आणि सगळ्या टप्प्यांची मिळून सरासरी काढली तर शंभरांत सुमारे पंच्याण्णव. एवढा फरक ज्या औषधाने पडला त्याची कथा विलक्षण आहे. सिसप्लाटिन. हे प्लॅटिनमचे संयुग मिकेले पेरोने या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने १८४४ साली तयार केले. त्यानंतर एकशे वीस वर्षे त्याचा वैद्यकाशी काही संबंध आला नाही. १९६०नंतरच्या दशकात अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग विजेच्या क्षेत्राचा जंतूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. जंतू विभागणे थांबले आणि लांबच लांब दोऱ्यांसारखे वाढत गेले. शोध घेता कळले की हे विजेचे काम नव्हे. विजेसाठी वापरलेल्या प्लॅटिनमच्या पट्ट्या द्रवात किंचित विरघळत होत्या आणि त्यातून बनलेले संयुग पेशींची विभागणी रोखत होते. १९६५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले, आणि १९६९ साली उंदरांतल्या गाठी या संयुगाने विरतात हे दाखवले. पेशींची विभागणी थांबते म्हणजे कर्करोग थांबू शकेल, हा विचार त्या माणसाला सुचला, यात मला खरी प्रतिभा दिसते.

पण औषध फार विषारी होते. ते सोडून द्यायची वेळ आली होती. १९७४ साली इंडियाना विद्यापीठातले तरुण डॉक्टर लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते दुसऱ्या दोन औषधांच्या जोडीने वृषणाच्या पसरलेल्या कर्करोगात दिले. जॉन क्लेलँड नावाचा विद्यार्थी इतर सगळे उपचार हरल्यावर त्यांच्याकडे आला होता. तो बरा झाला. पुढे या मिश्रणात बदल होत आज जे वापरतात त्याला बीईपी म्हणतात : ब्लिओमायसिन, इटोपोसाइड, सिसप्लाटिन. ब्लिओमायसिन जपानमधल्या हामाओ उमेझावा यांना मातीतल्या एका जिवाणूपासून मिळाले. इटोपोसाइडचे मूळ पोडोफायलम या वनस्पतीत आहे. तिची एक जात आपल्या हिमालयात उगवते.

एकवीस दिवसांचे एक आवर्तन. आजार कमी धोक्याचा असेल तर तीन आवर्तने, नाहीतर चार. पेशींचे मुख्य दोन प्रकार असतात, सेमिनोमा आणि बाकीचे. सेमिनोमा किरणांनाही चांगली दाद देतो. आजार वृषणापुरताच असेल तर शस्त्रक्रियेनंतर पुष्कळदा काहीच न देता नुसते लक्ष ठेवतात. ठरलेल्या तारखांना रक्त आणि सीटी स्कॅन. आपल्या घरांना हे ‘काहीच न देणे’ सर्वांत जड जाते. डॉक्टर हात झटकतो आहे असे वाटते. तसे नसते. या टप्प्यात ज्यांचा आजार परततो त्यांना तेव्हा औषध देऊनही बरे करता येते, आणि ज्यांचा परतत नाही, म्हणजे बहुतेकांचा, ते औषधाच्या दुष्परिणामांतून सुटतात. अट एकच. तारीख चुकवायची नाही.

आणि आवर्तनाची तारीखही चुकवायची नाही. ‘लेकरू फार थकले आहे, दिवाळी होऊ द्या, मग घेऊ’ हे वाक्य मी अनेक आयांच्या तोंडून ऐकले आहे. त्यामागची माया मला कळते. पण या आजारात औषध वेळेवर आणि पूर्ण मात्रेत देण्यावरच सगळे अवलंबून असते. थांबलेल्या आठवड्यांत कर्करोग थांबत नाही. ‘जरा सौम्य काही द्या’ असेही म्हणतात. सिसप्लाटिनच्या जागी त्याचे सौम्य भावंड कार्बोप्लाटिन पसरलेल्या आजारात देऊन पाहिले गेले, आणि निकाल कमी प्रतीचे आले.

आता दुष्परिणामांविषयी. इथे मी रेंगाळणार आहे, कारण डॉक्टरच्या खोलीत याला वेळ मिळत नाही.

पहिल्या काही आठवड्यांतले परिणाम तुम्हाला साधारण ठाऊक असतात. केस जातात, परत येतात. उलट्या पूर्वी इतक्या होत की रुग्ण उपचार सोडून पळत. ऑन्डान्सेट्रॉनसारखी औषधे आल्यापासून ते चित्र पालटले. मूत्रपिंड जपायला शिरेतून भरपूर सलाइन देतात. पण एक गोष्ट घरच्यांनी भिंतीवर लिहून ठेवावी. औषधानंतर आठ-पंधरा दिवसांत पांढऱ्या पेशी घटतात, आणि अशा वेळी शंभर अंशांच्या वर ताप चढला तर काढा नाही, क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहणे नाही. त्याच रात्री रुग्णालय गाठायचे. बरा होणारा मुलगा अशा एका रात्रीत जाऊ शकतो.

ब्लिओमायसिन फुप्फुसांना इजा करते. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचा आजार १९९६ साली पोट, फुप्फुसे आणि मेंदूपर्यंत गेला होता. त्याच्यावर इंडियानात उपचार झाले, आणि त्याला ब्लिओमायसिन न देता दुसरे औषध दिले, कारण सायकल चालवायची तर फुप्फुसे शाबूत हवीत. त्याच्या विजयांचे पुढे उत्तेजकांमुळे काय झाले ते तुम्ही जाणता. औषधनिवडीचा तो धडा मात्र कायम आहे : रुग्णाने आपला व्यवसाय डॉक्टरला सांगावा. गायक असाल, बासरीवादक असाल, तर आधी सांगा. आपला युवराज सिंगही याच कुळातल्या आजारातून गेला. त्याची गाठ वृषणात नव्हती, छातीत दोन फुप्फुसांच्या मधे होती. गर्भावस्थेत प्रवास करताना वाटेत राहून गेलेल्या जननपेशींतून अशा गाठी होतात. २०१२च्या सुरुवातीला त्याने इंडियानापोलिसला जाऊन आइनहॉर्न यांच्याकडे उपचार घेतले आणि त्याच सप्टेंबरात तो भारतासाठी पुन्हा खेळला. ज्याला ब्लिओमायसिन दिलेले आहे त्याने पुढे कधीही, अगदी वीस वर्षांनी हर्नियाचे ऑपरेशन असले तरी, भूल देणाऱ्या डॉक्टरला ही गोष्ट सांगायची. जास्त प्राणवायू अशा फुप्फुसांना बाधू शकतो.

सिसप्लाटिन कान आणि नसा पकडते. आधी जातात ते उंच, बारीक आवाज. चिमण्यांची चिवचिव, फोनची बारीक बीप. बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटतात. माणूस बहिरा दिसत नाही, पण लग्नाच्या मांडवात कुणी काय म्हटले ते त्याला कळत नाही आणि तो हसून मान हलवतो. घरच्यांना वाटते, याचे लक्ष नाही. कानात सतत शीळ वाजण्याचा त्रासही काहींना जन्मभर राहतो. जेंटामायसिन-अमिकासिनसारखी इंजेक्शने या कानांना आणखी मारक ठरतात. बोटांना मुंग्या येतात, शर्टाचे बटण लावता येत नाही, आणि गंमत म्हणजे औषध संपल्यावर काही महिने हे वाढते, मग बहुतेकांत हळूहळू ओसरते. थंडीत बोटे पांढरी पडतात. बडोद्याच्या उन्हात हे जाणवत नाही.

तो पाठदुखीवाला मुलगा आता टोरांटोत असतो. चार आवर्तने झाली, फुप्फुसातले ठिपके गेले, पोटात मात्र काही शिल्लक राहिले. औषधाला दाद न देणाऱ्या टेराटोमा नावाच्या पेशी अशा शिल्लक भागात असू शकतात, म्हणून तो भाग काढावाच लागतो. ते मोठे ऑपरेशन झाले. त्याच्या पहिल्या हिवाळ्यात बोटे पांढरी पडली आणि तिथल्या डॉक्टरने हृदयाच्या तपासण्या सुरू केल्या. मुलाने मला फोन केला, मी ब्लिओमायसिनचे सांगितले.

या मोठ्या ऑपरेशनचा एक परिणाम बोलायला अवघड, म्हणून बोलतो. पोटाच्या मागच्या गाठी काढताना बारीक नसा दुखावल्या तर वीर्य बाहेर येत नाही. कामसुख आणि ताठरता राहते, पण मूल नैसर्गिकपणे होत नाही. नसा जपून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत आहे, पण नेहमी ती शक्य होतेच असे नाही. शिवाय औषधांनी शुक्राणू घटतात. कित्येकांत ते दोन वर्षांत परततात, काहींत नाही. आणि या आजारात पुष्कळदा उपचाराच्या आधीपासूनच त्यांची संख्या कमी असते. म्हणून पहिल्या औषधापूर्वी, जमल्यास शस्त्रक्रियेपूर्वीच, वीर्य गोठवून ठेवावे. एक-दोन दिवसांचे काम आहे. हे डॉक्टरने सांगायला हवे. त्याने नाही सांगितले तर तुम्ही विचारा. अठरा वर्षांच्या अविवाहित मुलाच्या आईने हे विचारायचे म्हणजे काय, ते मी समजतो. मुलाचा मामा, काका, मोठा भाऊ, कुणीही विचारावे.

लग्नाविषयी माझे मत स्पष्ट आहे आणि काही ज्येष्ठांना ते आवडणार नाही. एका वृषणावर संसार नीट चालतो. पुरुषत्व कमी होत नाही, बहुतेकांत संप्रेरकही पुरते, न पुरल्यास बाहेरून देता येते. तेव्हा लपवण्यासारखे काही नाही, आणि म्हणूनच लपवू नये. मुलीला पत्रिकेबरोबर हेही सांगावे. लग्नानंतर फायलीतून कळले, तर आजारापेक्षा लपवाछपवी जास्त छळते.

राहता राहिली ती चाळीस वर्षे. पंचविशीत बरा झालेला पासष्टीपर्यंत तरी जगायचा. सिसप्लाटिन दिलेल्यांच्या रक्तात प्लॅटिनमचा सूक्ष्म अंश वीस वर्षांनीही सापडलेला आहे. यांच्यात रक्तदाब, चरबी आणि हृदयविकार इतरांपेक्षा लवकर डोकावतात. किरणोपचार घेतलेल्यांत त्या भागात पुढे दुसरा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. शंभरांत सुमारे दोघांना दुसऱ्या बाजूला तोच आजार होतो, म्हणून महिन्यातून एकदा अंघोळीनंतर स्वतःच हाताने तपासायचे, दोन मिनिटे पुरतात. तंबाखू, गुटखा, सिगारेट बंद. वर्षाला एकदा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल. तिशीतला माणूस म्हणतो, मला काय झाले आहे? त्याला खरेच काही झालेले नसते, आणि ते तसेच राहावे यासाठी हे सगळे.

शेवटी फाईल. आपल्या घरांत गायकवाडी सनदा, वतनाचे कागद, पणजोबांच्या मुंजीचा खर्च लिहिलेली वही जपलेली असते. मी स्वतः त्या पाहिल्या आहेत. पण दहा वर्षांपूर्वी मुलाला कोणते औषध किती दिले, हे विचारले की ‘ते कागद घर बदलताना गेले’ हे उत्तर येते. एका पानावर लिहून ठेवा : कोणत्या बाजूचे वृषण कधी काढले, पेशींचा प्रकार कोणता होता, औषधांची नावे, किती आवर्तने, ब्लिओमायसिनची एकूण मात्रा, किरण दिले असतील तर कोणत्या भागावर, वीर्य गोठवले असेल तर कुठे आणि त्याचे वार्षिक शुल्क कोण भरते. त्या पानाच्या तीन प्रती करा. एक मुलाकडे, एक तुमच्या कपाटात, आणि मुलाचे लग्न झाले असेल तर तिसरी सूनबाईंकडे.